कालेंदुलाच्या तेलावर आळ

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. तपकिरी काचेची, रुंद तोंडाची, काठाला एक टवका उडालेली. माझ्या आतल्या बाजूला केशरी झाक बसली आहे. ती गरम पाण्याने निघत नाही आणि राखेने घासली तरी जात नाही. मला पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक माणूस झाकण उघडतो, नाक आत घालतो आणि कपाळाला आठ्या घालून विचारतो, "यात आहे तरी काय?" त्या विचारण्यातला संशय मी लगेच ओळखते. मीही काही भाबडी नाही. माझ्यात बुडणाऱ्या प्रत्येक बोटाकडे मी संशयानेच बघते. हे बोट कोरडं आहे ना? आत्ता कशाला हात लावून आलं आहे?

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. माझ्या बुडाला कारखान्याने एक खूण उठवली, एक त्रिकोण आणि त्यात एक आडवी रेघ. काही काळ मी शहरातल्या एका दुकानात खारवलेली ऑलिव्हची फळं सांभाळत बसले. ती संपली, तसं दुकानदाराने मला रिकाम्या डब्यांच्या ढिगात टाकलं. तिथून मला दोन्या, म्हणजे तुमच्याकडच्या 'बाई', रोसाल्बिना चापारो यांनी उचललं.

रोसाल्बिना कोलंबियाच्या डोंगरात, सान रोके नावाच्या थंड गावात राहत. नवरा कधीच देवाघरी गेला होता, मुलं राजधानीत कामाला लागली होती. घरात त्या, त्यांच्या कोंबड्या आणि परसातला फुलांचा वाफा. बसमध्ये मला मांडीवर धरून त्या गावी आल्या आणि घरी पोचल्यावर पहिला संशय त्यांनीच माझ्यावर घेतला.

"ऑलिव्हचा वास मारतेस," त्या मला म्हणाल्या. "अजून काय काय लपवलं आहेस पोटात?"

त्यांनी मला उकळत्या पाण्याने धुतलं, पालथं घातलं, पुन्हा धुतलं आणि उन्हात ठेवलं. बोट आत फिरवून बघितलं. कुठे दमटपणा लागला की पुन्हा उन्हात. पाण्याचा त्यांना फार राग. "तेलात पाण्याचा एक थेंब गेला की बुरशी आलीच," असं त्या कोंबड्यांनासुद्धा सांगत.

मग त्यांनी माझ्यात फुलं भरली. त्या फुलांना तिकडे कालेंदुला म्हणतात. दिसायला ती तुमच्या झेंडूच्या जवळची, पण झेंडू नव्हेत. पाकळ्या मोकळ्या, आणि बोंडाला चिकट राळ असते. खुडताना बोटं चिकटली तर फूल चांगलं, असं रोसाल्बिनांचं मत. दव वाळल्यावर फुलं खुडायची, सावलीत पसरायची आणि हातात कुस्करल्यावर कुरकुरली की मगच बरणीत भरायची. त्यावर सूर्यफुलाचं तेल, एकही पाकळी वर डोकावणार नाही इतकं. तोंडावर फडकं बांधून मला खिडकीत ठेवत आणि जाता-येता हलवत. हळूहळू तेलाला पिकलेल्या भोपळ्याचा रंग चढे. मग सगळं जाड कापडातून पिळून काढत आणि गाळलेलं तेल पुन्हा माझ्यात भरून मला कपाटाच्या अंधारात ठेवून देत.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. पहाटेच्या गारठ्यात गाई पिळणाऱ्या बायकांचे हात भेगाळत, त्या येत. कांदे सोलणाऱ्या येत. लंगोटाने लाल झालेल्या तान्ह्या बाळांना घेऊन आया येत. रोसाल्बिना लहान बाटलीत थोडं तेल काढून देत. उघड्या जखमेवर मात्र देत नसत. ताप असला तर सरळ सांगत, "हे फुलाचं तेल आहे, संत रोकेचा चमत्कार नाही. आरोग्यकेंद्रात जा." लोक बदल्यात अंडी आणत, ताजं चीज आणत. कुणी माझ्या पोटावर थोपटून म्हणे, "भली बरणी आहे हो तुमची." मी काच असले, तरी ते मला आवडे.

फक्त एर्सिलियाला मी आवडत नसे. तिचं गावात किराणा दुकान होतं आणि तिच्या फळीवर शहरातून आलेल्या मलमांच्या नळ्या धूळ खात पडलेल्या असत.

"रोसाल्बिना फुलं कुठून आणते, ठाऊक आहे का?" ती गिऱ्हाइकांच्या कानात सांगे. "कब्रस्तानाच्या कुंपणाजवळही हीच फुलं उगवतात, एवढंच मी म्हणते. बाकी मला काय करायचंय!"

लोक हसत आणि सोडून देत. पण मित्रांनो, अशी वाक्यं कुठे जात नाहीत. ती कोपऱ्यात बसून आपल्या वेळेची वाट बघतात.

ती वेळ लुसेलीमुळे आली. लुसेली म्हणजे निन्फा आणि एलिसेओ यांची पहिली मुलगी. निन्फाची आई लवकर गेली, म्हणून ती रोसाल्बिनांच्याच चुलीशी लहानाची मोठी झाली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये बाळाला हातावर धरलं ते रोसाल्बिनांनी. त्या दिवसापासून त्या लुसेलीच्या धर्ममाता झाल्या आणि निन्फा त्यांना 'कोमाद्रे' म्हणू लागली. तिकडे हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच जपतात. सख्ख्या बहिणी भांडून अबोला धरतील, पण कोमाद्रेशी भांडणं म्हणजे देवासमोर दिलेला शब्द मोडणं.

लुसेली बसायला लागली त्या सुमारास तिच्या गालावर लाल पुरळ उठलं. निन्फा धावत आली.

"कोमाद्रे, बघा ना, रात्रभर रडते. मला तर भीती वाटते."

"भितेस कशाला, पोरी? तुझ्या अंगावर याच्या दुप्पट उठायचं," रोसाल्बिना म्हणाल्या. एरवी त्या बाटलीत काढून देत. त्या दिवशी प्रेमाच्या भरात त्यांनी अख्खी बरणीच निन्फाच्या हातात ठेवली. "घेऊन जा सगळं. मला कुठे तान्हं बाळ आहे?"

अशी मी निन्फाच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दूरच्या फळीवर गेले. तिथून मला सगळं घर दिसे. निन्फा हात धुऊन, पुसून, हलक्या बोटाने तेल लावी. तिच्या हातावर मी संशय घेऊ शकले नाही. एलिसेओ सकाळी शेतावर जाई. त्या वर्षी बटाट्यावर करपा पडला होता. सगळ्या डोंगरावर माणसं पाठीवर पंप अडकवून फवारत फिरत होती. संध्याकाळी तो थकून घरी येई, दारातच हात धुई, निन्फाने दिलेलं गरम गुळाचं पाणी पिई आणि मग लुसेलीला उचली. अंगावरच्या जाड लोकरी रुआनात तिला गुंडाळून खांद्याशी धरी आणि गाणं म्हणत फेऱ्या मारी. तिकडची रुआना म्हणजे मधोमध चीर असलेली, खांद्यावरून खाली सोडायची घोंगडीच. ते बाळ दिवसभर कितीही किरकिरलं तरी बापाच्या खांद्यावर डोळे मिटी. मला वाटे, या घरात सगळ्यात सुरक्षित जागा असेल तर ती हीच.

पुरळ मात्र वाढत गेलं. गालावरून हनुवटीखाली, तिथून गळ्यावर. मग बारीक फोड आले आणि त्यातून पाणी झिरपू लागलं. निन्फा दिवसातून आणखी एकदा तेल लावू लागली. पोरगी आणखी रडू लागली. मी फळीवर बसून घरभर संशयाने बघत होते. साबणाचा संशय घेतला. नवीन दुपट्याचा घेतला. साबण एर्सिलियाच्या दुकानातला होता, म्हणून त्याच्यावर जरा जास्तच घेतला.

एक दिवस एर्सिलिया स्वतःच आली. बाळाला बघायला आले म्हणाली, पण नजर माझ्यावर होती.

"हे लावतेस होय?" तिने मला उचललं, वास घेतला आणि पालथं करून बुडाकडे बघितलं. "अगं बाई! ही खूण कसली?"

"कसली?" निन्फाने विचारलं.

"त्रिकोणात रेघ. विषाच्या डब्यांवर असतात असल्या खुणा. कुठल्या उकिरड्यावरून उचलली ही बरणी तिने, कोण जाणे. आणि बाळाचं तोंड बघ! तरी तू लावतेच आहेस!"

ती माझ्या कारखान्याची खूण होती, मित्रांनो. जगातल्या हजारो बरण्यांच्या बुडाला ती असेल. पण निन्फाचा चेहरा पांढरा पडला. "कोमाद्रे असं करणार नाहीत," ती पुटपुटली. पण 'करणार नाहीत' म्हणताना तिचा आवाज शेवटी जरा वर गेला, प्रश्न विचारल्यासारखा.

एलिसेओ जेवायला आला तेव्हा एर्सिलिया अजून तिथेच होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला काखेत मारलं आणि चालू लागला. त्याच्यामागून निन्फा, तिच्यामागून एर्सिलिया, आणि वाटेत भेटलेल्या दोघी-तिघी.

रोसाल्बिना परसात मक्याचे दाणे टाकत होत्या.

"काय घातलं यात?" एलिसेओने विचारलं.

"कशात? अरे, आधी आत ये, बस तरी."

"बसायला नाही आलो. काय घातलं ते सांगा."

"फुलं आणि तेल. तुझ्या जन्माआधीपासून घालते आहे."

"मग माझ्या पोरीचं तोंड का सोललं? खाली ही खूण कसली आहे?"

रोसाल्बिनांनी खूण बघितली. इतकी वर्षं धुऊन-पुसूनही त्यांनी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. त्या क्षणभराच्या गप्प राहण्याने घात केला.

"बघा, बोलत नाही!" एर्सिलिया मागून म्हणाली.

"तू गप्प बस, एर्सिलिया. तुझ्या फळीवरच्या मलमांचं वय तुझ्याहून जास्त आहे." रोसाल्बिनांनी माझं झाकण उघडलं, ओंजळभर तेल घेतलं आणि सगळ्यांसमोर तोंडाला, गळ्याला, हातांना चोळलं. "घ्या. विष असेल तर मला होऊ दे. उभे राहा आणि बघा."

"तुमचं कातडं म्हाताऱ्या गाईचं," एलिसेओ म्हणाला. "माझी पोर तान्ही आहे."

निन्फा रडत होती. "कोमाद्रे, काही तरी सांगा ना. काही मिसळलं असेल चुकून... वय झालं की होतं असं..."

ते शेवटचं वाक्य रोसाल्बिनांना सगळ्यात जास्त लागलं. चोर म्हटलेलं माणूस सहन करील, पण जिला चुलीशी वाढवलं तिने 'वय झालं' म्हणावं?

"आजपासून तुम्ही माझ्या पोरीच्या कुणी नाही," एलिसेओ म्हणाला आणि मला पायरीवर आपटल्यासारखं ठेवलं. माझ्या काठाचा टवका तेव्हाच उडाला.

सगळे गेल्यावर रोसाल्बिना मला घेऊन खिडकीशी बसल्या. तेल उजेडात धरलं. वास घेतला. बुडाशी गाळ आहे का बघितलं. त्यांना बुरशी सापडेना, खवट वास येईना. पण संशय शिरला तो शिरलाच. "निन्फाकडे असताना कुणी काही टाकलं का? की मीच यंदा फुलं नीट वाळवली नाहीत?" त्या स्वतःशी बोलत. तोंडावर, हातांवर काही उठलं का, हे आरशात बघत. काही उठलं नव्हतं. त्याचाही त्यांना आनंद झाला नाही.

मग माझे वाईट दिवस आले. भेगाळलेल्या हातांच्या बायका रोसाल्बिनांच्या दारावरून जाताना रस्त्याची पलीकडची कड धरू लागल्या. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर जागा मोकळी राही. ज्या बाईने माझ्या पोटावर थोपटलं होतं, तिने आपली लहान बाटली कुंपणावरून परत टाकली. परसातली फुलं कुणी खुडेना. ती झाडावरच सुकली आणि त्यांचं बी मातीत पडलं. मी कपाटात मागच्या बाजूला, अर्धी भरलेली, विसरलेली पडून राहिले.

तेल बंद झालं तरी लुसेली बरी झाली नाही. हे मला नंतर कळलं. उलट तिच्या तोंडातून लाळ फार गळू लागली, दूध ओकू लागली, खोकू लागली. शेवटी निन्फा तिला आरोग्यकेंद्रात घेऊन गेली. तिथे आम्पारोबाई नावाच्या परिचारिका होत्या. डॉक्टर गुरुवारी खालच्या गावाहून येत, बाकी दिवस सगळा भार आम्पारोबाईंवर. त्यांनी बाळाला तपासलं आणि सांगितलं, "बाळाच्या अंगाला जे जे लागतं ते सगळं उद्या घेऊन ये. साबण, दुपटी, पावडर आणि ते तेलही."

त्या दुपारी निन्फा रोसाल्बिनांच्या फाटकाशी आली. आत यायचं धाडस होईना.

"बरणी हवी होती," ती म्हणाली. "आम्पारोबाईंना दाखवायला."

"पुरावा हवाय होय?"

"तसं नाही..."

"कसं आहे ते मी बघीन. बरणी मी कुणाच्या हातात देणार नाही. मीच घेऊन येईन. पुन्हा वाटेत कुणी काही टाकलं म्हणून ऐकायला नको."

दुसऱ्या दिवशी रोसाल्बिनांनी चर्चला जाताना घालायचा काळा पोशाख घातला, मला फडक्यात बांधलं आणि आरोग्यकेंद्रात जाऊन बाकाच्या टोकाला बसल्या. दुसऱ्या टोकाला निन्फा. मधे एवढी जागा की चार माणसं बसतील.

आम्पारोबाईंनी सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चोळला.

"चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

रोसाल्बिनांनी मान ताठ केली. "मी माझ्या तोंडाला लावून दाखवलंय सगळ्यांना."

"त्याने काही सिद्ध होत नाही, दोन्या रोसाल्बिना. एखाद्याच्या अंगाला हे फूलच सोसत नाही. तुम्हांला सोसलं म्हणून बाळाला सोसेल असं नाही. आधी कोपराच्या आत एक थेंब लावून दिवसभर बघायला हवं होतं. आणि पाणी झिरपत असलेल्या कातडीवर तर तेल लावायचंच नाही. हे तुम्हांला कळायला हवं."

"मी उघड्या जखमेवर देत नाही!"

"मग फोड आले तेव्हा तुम्ही बघितलंत?"

अख्खी बरणी देऊन टाकल्यावर त्या पुन्हा बघायला गेल्या नव्हत्या. त्यांना वाटलं होतं, लागलं तर निन्फा येईल.

आम्पारोबाई बाळाकडे वळल्या. त्यांनी बोटाने लुसेलीचं तोंड इकडून तिकडे फिरवलं. "पण मला एक कळत नाही. तेल दोन्ही गालांना लावायचीस ना?"

"हो."

"साबणही सगळ्या अंगाला. दुपट्यात ती सगळीच गुंडाळलेली असते. मग पुरळ एकाच गालावर कसं? उजवा गाल, हनुवटीची उजवी बाजू, उजव्या बाजूचा गळा. डावा गाल बघ, लोण्यासारखा आहे."

निन्फा डाव्या गालावरून बोट फिरवून बघू लागली. मी टेबलावरून बघत होते. मलाही सुचेना.

तेवढ्यात एलिसेओ आत आला. शेतावरून तसाच धावत आला होता. चिखलाचे बूट, अंगावर रुआना, आणि त्याच्याबरोबर एक उग्र वास आत आला. रोसाल्बिनांना बघून त्याने तोंड फिरवलं. लुसेलीने मात्र बापाला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. त्याने तिला उचललं. तिने सवयीने मान कलती केली आणि उजवा गाल त्याच्या खांद्यावर, रुआनाच्या ओलसर लोकरीवर टेकला.

निन्फा ओरडलीच. "एलिसेओ! पोरीला खाली द्या!"

"काय झालं?"

"खाली द्या म्हणते ना!"

तिने लुसेलीला जवळजवळ हिसकावून घेतलं. आम्पारोबाई पुढे आल्या. त्यांनी रुआनाचा खांदा हातमोजा घालून धरला, नाकाजवळ नेला आणि लगेच दूर केला.

"आज काय फवारलंत?"

"करप्याचं औषध, किडीचंही त्यातच. रोजचंच."

"हीच रुआना घालून?"

"थंडी असते वर. सगळेच घालतात. पंप थोडा गळतो खांद्यावर, पण..." तो बोलता बोलता थांबला. "मी हात धुतो. रोज धुतो. दारातच. विचारा हिला."

"हात धुता," आम्पारोबाई म्हणाल्या. "रुआना शेवटची कधी धुतलीत?"

एलिसेओने स्वतःच्या खांद्याकडे बघितलं, मग लुसेलीच्या गालाकडे. मग तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. आत बसलेल्या आम्हां सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती.

त्याच दिवशी बाळाला खालच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. लाळ, उलट्या आणि खोकला म्हणजे फवारणीचं विष अंगात भिनल्याच्या खुणा, पुरळापेक्षा जास्त काळजीच्या, असं ते म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि निन्फाने विचारलं नाही.

लुसेली बरी होऊन घरी आली. रुआना जाळून टाकली होती. दुपटी नवीन आणली होती. पण एलिसेओ मुलीला हात लावीना. शेतावरून आला की परसात नळाखाली अंग घासी, कपडे बदली, पुन्हा घासी आणि मग दाराशीच बसून लांबून बघे. पोरगी हात पसरून रडे. तो उठून बाहेर जाई. ज्या माणसाने सगळ्या जगावर संशय घेतला होता, त्याला आता स्वतःच्याच हातांचा भरवसा वाटेना.

हे निन्फाने रोसाल्बिनांना सांगितलं. फाटकाबाहेर उभं राहूनच. क्षमा मागायला आली होती, पण रडण्यात तिला ते नीट मागता आलं नाही.

रोसाल्बिनांनी ऐकून घेतलं. "वय झालं म्हणालीस तू मला," त्या म्हणाल्या.

"हो, कोमाद्रे."

"ते मी विसरणार नाही."

"हो."

"चल."

रविवारची सकाळ होती. मी काही त्यांच्याबरोबर नव्हते, पण रोसाल्बिनांनी ही गोष्ट पुढे इतक्या वेळा कोंबड्यांना सांगितली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. एलिसेओ आपल्या परसात लाकूड फोडत होता. रोसाल्बिनांना बघून त्याने कुऱ्हाड ठेवली आणि टोपी काढली.

"अंग धुतलंस?" त्यांनी विचारलं.

"धुतलं."

"सदरा?"

"आजच धुतलेला आहे. पण दोन्या रोसाल्बिना, मी नाही... माझ्या हातात विष आहे."

"तुझ्या हातात साबणाचा वास आहे. दाखव इकडे." त्यांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, नाकाशी नेऊन हुंगले, माझ्यात घालण्याआधी फुलं हुंगत तसे. मानेजवळ वाकून सदऱ्याचा खांदाही हुंगला. मग आत जाऊन लुसेलीला घेऊन आल्या आणि तिला त्याच्या हातांत दिलं. "धर. तुझीच आहे. आणि मी तुला माफ केलं असं समजू नकोस हो. ते मी सावकाश करीन."

लुसेलीने गाल बापाच्या खांद्यावर टेकला. एलिसेओ उभ्या जागी हमसून रडला. निन्फाने कोंबड्या हाकलण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पुढे लुसेलीच्या गालावरची खपली गेली आणि कातडी कोरडी, खरखरीत राहिली, तेव्हा आम्पारोबाईंनी सांगितलं की आता तेल लावून बघायला हरकत नाही. मी पुन्हा कपाटाबाहेर आले. जुनं तेल रोसाल्बिनांनी टाकून दिलं होतं. मला उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि नवीन फुलं भरली. पहिला थेंब लुसेलीच्या कोपराच्या आत पडला. दिवसभर सगळं घर त्या एवढ्याशा कोपराकडे संशयाने बघत बसलं होतं. काही झालं नाही. मग गालाला लावलं. हळूहळू खरखर गेली. अगदी उजेडात धरलं तर एक फिकट डाग मात्र अजून दिसतो.

गावातल्या काही बायका परत आल्या, काही आल्याच नाहीत. एर्सिलिया आता म्हणते, "मला पहिल्यापासून त्या रुआनाचाच संशय होता." लोक तिचंही ऐकून घेतात. गावातल्या बऱ्याच घरांत फवारणीचे कपडे वेगळ्या टबात धुतले जाऊ लागले. काही घरांत अजूनही नाही.

रोसाल्बिना मात्र पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. आता त्या अख्खी बरणी कुणालाच देत नाहीत. आधी प्रश्न विचारतात. कुठे उठलंय? एका बाजूला की दोन्ही? घरात फवारतं कोण? कपडे कुठे धुता? माणसं वैतागतात. "तेल द्यायचं तर द्या, चौकशी कसली?" म्हणतात. त्या म्हणतात, "मग जा एर्सिलियाकडे." पूर्वी त्या तेल देता देता हसत असत. आता आधी डोळे बारीक करून बघतात. ते हसू गेलं याचं मला वाईट वाटतं. पण त्या बारीक डोळ्यांनी किती बाळं वाचली असतील, याचाही मी विचार करते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी तेलाची बरणी असेल. तिला कोरडी ठेवा. आत काय आहे आणि कधी भरलं, ते वर लिहा. पहिला थेंब कोपराच्या आत लावा आणि वाट बघा. फोड आले, पाणी झिरपलं, ताप चढला, तर मला झाकण लावून कपाटात ठेवा आणि दवाखान्यात जा. मी त्याने रुसणार नाही. आणि कुणावर बोट दाखवण्याआधी, पुरळ नेमकं कुठे उठलं आहे, हे बाळाच्या जवळ बसून, नीट उजेडात बघा. प्रेमाने जवळ घेणाऱ्यांनीही आधी कपडे बदला. मी काचेची आहे. माझ्यावर कुणी काही सांडलं, कुणी आळ घेतला, तरी मला धुता-पुसता येतं. लेकराचा गाल तसा पुसता येत नाही.